भक्षकाच्या पोटातला मुक्काम

कोरोनाच्या साथीत प्रतिकारशक्ती आपल्या रोजच्या बोलण्यात आली आणि तिथेच राहिली. काढे, चूर्णे, गोळ्या, मुलांच्या दुधात घालायच्या पावडरी, साऱ्यांच्या वेष्टनावर एकच आश्वासन असते: प्रतिकारशक्ती वाढेल. त्यामागची समजूत साधी आहे. प्रतिकारशक्ती ही एकच एक शक्ती आहे. ती कमी पडली की माणूस आजारी पडतो, भरपूर असली की आजार जवळ फिरकत नाही. ही समजूत मुळातूनच चुकीची आहे असे माझे मत आहे, आणि तिची तपासणी करायची तर उत्तर बिहारमधल्या एका जुन्या, गरिबांच्या रोगाकडे पाहावे लागेल. काळा आजार.

या रोगाचा रुग्ण पाहिला तर पहिल्या नजरेत कोणीही म्हणेल, याच्या अंगात काही उरलेले नाही. आठवडेच्या आठवडे ताप, हातापायांच्या काड्या, चेहऱ्यावर रक्ताचा मागमूस नाही, आणि पोट मात्र पुढे आलेले. डाव्या बरगडीखाली बोटे दाबली की प्लीहा हाताला लागते. निरोगी माणसात ती लागतच नाही. इथे रोग जुना असेल तर ती बेंबीच्याही खाली उतरलेली असते. उपचार झाले नाहीत तर असा रुग्ण बहुधा वाचत नाही, आणि पुष्कळदा त्याचा शेवट न्यूमोनिया, क्षय किंवा हगवण यांसारख्या दुसऱ्याच रोगाने होतो. प्रतिकारशक्ती संपली असे म्हणून मोकळे व्हावे, असेच हे चित्र आहे.

आता याच रुग्णाचे रक्त तपासू. 1920 च्या दशकात कलकत्त्यात नेपियर नावाच्या डॉक्टरांनी या रोगाची एक साधी परीक्षा रूढ केली. रुग्णाच्या रक्तद्रवात फॉर्मॅलिनचे एकदोन थेंब टाकायचे आणि नळी बाजूला ठेवायची. काळा आजार असेल तर थोड्या वेळात तो द्रव गोठून पांढराफटक होई. याचे कारण त्या रक्तात अँटिबॉडी प्रचंड प्रमाणात साठलेल्या असत. त्यातल्या काही या रोगाच्या परजीवीविरुद्धच्या, आणि कित्येक भलत्याच गोष्टींविरुद्धच्या. आज खेड्यातल्या आरोग्य केंद्रात कागदाच्या पट्टीवर बोटातल्या रक्ताचा थेंब घेऊन काही मिनिटांत जे निदान होते, तेही या अँटिबॉडींच्याच आधारे. आणि ती फुगलेली प्लीहा? ती फुगते प्रतिकारपेशींच्या गर्दीने. म्हणजे मनुष्यबळ कमी नाही, दारूगोळाही कमी नाही. माणूस मात्र मरतो आहे.

आणखी एक जुनी परीक्षा आहे. मारलेल्या परजीवींचे द्रावण हाताच्या कातडीत टोचायचे आणि दोनतीन दिवसांनी पाहायचे. ज्याला पूर्वी संसर्ग होऊन गेला पण रोग झाला नाही, त्याच्या कातडीवर टणक गाठ येते. ऐन काळ्या आजारातल्या रुग्णाच्या कातडीवर काहीच उठत नाही. उपचार होऊन तो बरा झाला की काही महिन्यांनी याच परीक्षेत गाठ येऊ लागते. ही गाठ आणणे हे टी पेशी नावाच्या पांढऱ्या पेशींचे काम. म्हणजे रक्तात अँटिबॉडींचा पूर आणि टी पेशींच्या बाजूला शुकशुकाट, असे हे शरीर असते. अँटिबॉडी या परजीवीचे फारसे काही बिघडवू शकत नाहीत, कारण तो त्यांच्या हाती लागेल अशा जागी राहतच नाही.

तो राहतो कुठे, हे 1903 मध्ये कळले. ब्रिटिश सैन्यातले डॉक्टर विल्यम लीशमन यांनी कलकत्त्याजवळच्या डमडमहून ताप घेऊन परतलेल्या एका सैनिकाच्या प्लीहेत काही बारीक गोल कण पाहिले होते. तो सैनिक इंग्लंडमध्ये नेटली इथे मरण पावला होता. लीशमन यांनी ते निरीक्षण 1903 मध्ये छापले, आणि त्याच वर्षी मद्रासला चार्ल्स डोनोव्हन यांनाही तेच कण दिसले. रोनाल्ड रॉस यांनी दोघांची नावे जोडून परजीवीचे बारसे केले: लीशमेनिया डोनोव्हानी. प्लीहेतून सुईने काढलेला थेंब काचपट्टीवर पसरून, जिम्सा रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरला की आजही तेच दृश्य दिसते. एक मोठी पसरट पेशी, आणि तिच्या पोटात गच्च भरलेले अंडाकृती ठिपके. प्रत्येक ठिपक्यात एक जांभळट गोल आणि त्याच्या शेजारी एक गडद बारीक दांडी. ती दांडी दिसली की निदान पक्के. रोग बळावलेला असेल तर एका पेशीत डझनांनी परजीवी असतात आणि पेशी फुटायच्या बेताला आलेली असते.

ही मोठी पेशी म्हणजे महाभक्षक पेशी, मॅक्रोफेज. शरीरात शिरलेले जंतू गिळणे आणि पचवून टाकणे हे तिचे काम. रशियन शास्त्रज्ञ मेचनिकॉफ यांनी 1882 मध्ये इटलीतल्या मेसिना इथे तारामाशाच्या पारदर्शक अळीत गुलाबाचा काटा खुपसला आणि दुसऱ्या दिवशी त्या काट्याभोवती फिरत्या पेशींचा वेढा पडलेला पाहिला. प्रतिकारशास्त्राचा एक मोठा भाग त्या काट्यापासून सुरू झाला, आणि 1908 चे नोबेल पारितोषिक मेचनिकॉफ यांना त्यासाठीच मिळाले. जंतूंना खाणारी पेशी हा त्यांचा शोध. लीशमेनिया याच पेशीत घर करतो. रक्तात किंवा आतड्याच्या पोकळीत नव्हे, त्याला मारण्यासाठी घडलेल्या पेशीच्याच पोटात तो वाढतो, दुभंगतो, एकाचे दोन होतो.

हे त्याला कसे जमते, याची उकल शंभर वर्षे चालली आहे आणि ती मला अलीकडच्या जीवशास्त्रातली सर्वांत विचार करायला लावणारी गोष्ट वाटते.

सुरुवात वाळूमाशीपासून होते. महाराष्ट्रात ही माशी चांदीपुरा विषाणूमुळे माहीत आहे. नागपूरजवळच्या ज्या गावात 1965 मध्ये तो विषाणू सापडला त्याचेच नाव त्याला मिळाले. काळा आजार पसरवणारी वाळूमाशी तिच्या नात्यातलीच. डासाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी, केसाळ, फार उंच न उडणारी. गोठ्याची ओल, मातीच्या भिंतीच्या फटी, शेणामातीची जमीन ही तिची वस्ती. डास सुई खुपसून रक्त शोषतो, ही माशी कातडी करवतून बारीकशी जखम करते आणि तिथे साचलेले रक्त पिते. तिच्या चाव्यातूनच हा रोग होतो असा संशय विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून होता, पण सिद्ध होत नव्हता. रुग्णाचे रक्त प्यायलेल्या माश्या दुसऱ्यांदा चावण्याइतक्या जगतच नसत. शेवटी भारतातल्याच संशोधकांनी रक्तानंतर माश्यांना बेदाणे खायला देऊन पाहिले. बेदाण्यांच्या साखरेवर माश्या जगल्या आणि त्यांच्या पोटात परजीवी उदंड वाढले. त्यानंतर 1942 मध्ये स्वामीनाथ, शॉर्ट आणि अँडरसन यांनी स्वेच्छेने पुढे आलेल्या माणसांना अशा माश्या चावू देऊन रोगाचा प्रसार सिद्ध केला. त्या माणसांची नावे आता कोणाला ठाऊक नाहीत. वैद्यकाच्या इतिहासात त्यांना याहून मोठी जागा मिळायला हवी होती.

परजीवी माशीलाही मोकळे सोडत नाही. तिच्या अन्ननलिकेच्या तोंडाशी तो एक चिकट द्रव्य सोडतो, त्याने वाट तुंबते. माशीला रक्त नीट ओढता येत नाही, म्हणून ती पुन्हा पुन्हा चावते आणि चावताना तो चिकटा परजीवींसह जखमेत ओकते. त्या चिकट्यामुळे महाभक्षक पेशी जखमेकडे अधिक ओढल्या जातात, हेही पुढे दिसून आले.

पण जखमेवर सर्वांत आधी धावून येतात त्या न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी. अमेरिकेतल्या बेथेस्डा इथल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील संशोधकांनी जिवंत उंदराच्या कानाच्या कातडीत हे सारे घडताना पाहिले. 2008 मध्ये ते काम प्रसिद्ध झाले. वाळूमाशी चावल्यानंतर थोड्याच वेळात न्यूट्रोफिल त्या जागी अक्षरशः लोटतात आणि परजीवींना गिळतात. प्रतिकारशक्तीच्या नेहमीच्या हिशेबाने इथे रोगाचा निकाल लागायला हवा. संशोधकांनी उंदरांच्या अंगातले न्यूट्रोफिल काढून टाकले तेव्हा संसर्ग वाढला नाही, उलट तो नीट मूळ धरू शकला नाही. ज्या पेशी सर्वांत तत्परतेने आल्या त्याच परजीवीला उपयोगी पडल्या होत्या. त्यांच्या पोटात तो मेला नाही. त्या अल्पायुषी पेशी मरू लागल्या तसा तो बाहेर पडला आणि महाभक्षकांच्या हवाली झाला. मरणाऱ्या पेशी आवाज न करता उचलून नेणे हे महाभक्षकांचे रोजचेच काम. शरीरात रोज अब्जावधी पेशी मरतात. प्रत्येकीच्या मरणावर दाह उसळला तर माणूस एक दिवसही जगणार नाही. म्हणून मेलेल्या पेशीच्या पृष्ठभागावर एक विशिष्ट मेद उघडा पडतो आणि तो दिसला की भक्षक पेशी शांतपणे गिळते. लीशमेनियाच्या पृष्ठभागावरही हीच खूण आढळते.

महाभक्षकात शिरण्याचे दारही परजीवी निवडून घेतो. रक्तात पूरक प्रथिने असतात. ती जंतूवर चिकटतात आणि भक्षकांना गिळायला सोपे जाते. जंतूच्या अंगावर भोक पाडून त्याला मारणेही त्यांना जमते. लीशमेनियाच्या अंगावर एक विकर आहे, ते चिकटलेल्या प्रथिनाचा तुकडा पाडते. उरलेल्या तुकड्याने भोक पडत नाही, पण महाभक्षकाच्या अंगावरचा एक ठरावीक ग्राहक (रिसेप्टर) त्याला ओळखतो. या ग्राहकातून जे आत येते त्याच्यावर पेशी फारशी भडकत नाही. विषारी ऑक्सिजनचा मारा मंदावतो, इतर पेशींना सावध करणारा संदेश दबतो. शरीराने जंतूवर मारलेला शिक्काच असा थोडा खोडून प्रवेशपत्र म्हणून वापरला जातो.

आत गेल्यावर आम्लाचा प्रश्न उरतो. भक्षकाने गिळलेली कोणतीही वस्तू एका कोशात बंद होते आणि त्या कोशात आम्ल व पाचक विकरे सोडली जातात. लीशमेनिया ही प्रक्रिया सुरुवातीला थोडी लांबवतो. माशीच्या पोटातले त्याचे रूप लांबट आणि शेपटीवाले असते, ते आम्लात टिकत नाही. माणसाच्या शरीराची ऊब आणि कोशातले वाढते आम्ल हे दोन इशारे मिळाले की तो रूप पालटतो, शेपटी आखडतो, अंडाकृती होतो. हे दुसरे रूप आम्लातच सुखाने वाढते. ज्या आम्लाने इतर जंतू मरतात त्यावर याची वाढ अवलंबून आहे.

तरीही खेळ संपलेला नसतो. आत बसलेल्या परजीवीला मारण्याची क्षमता महाभक्षकात शेवटपर्यंत असते. त्यासाठी टी पेशीने इंटरफेरॉन गॅमा हे रसायन सोडून तिला चेतवावे लागते. मग ती नायट्रिक ऑक्साइडसारखी द्रव्ये तयार करते आणि परजीवी मरतात. हा आदेश पोचू न देणे, पोचला तर आतल्या आत विझवणे, आणि मुळात तो दिलाच जाऊ नये अशी हवा तयार करणे, या तिन्ही पातळ्यांवर लीशमेनिया काम करतो. त्याची विकरे महाभक्षकाच्या संदेशवाहक प्रथिनांना तोडतात. टी पेशींना योग्य दिशेला वळवणारे इंटरल्युकिन-12 तयार होणे थांबते. आणि इंटरल्युकिन-10 वाढते.

या इंटरल्युकिन-10 पाशी मला थोडे थांबायचे आहे, कारण सगळी गोम इथे आहे. हे रसायन शरीराचे शत्रू नाही. दूध वर येताना पाहून गॅस बारीक करणारा हात जसा, तसे ते आहे. दाह पेटला की तो जंतूबरोबर आपल्या ऊतींनाही जाळतो. त्याला वेळीच आवर घालणारे रसायन नसेल तर साध्या संसर्गातही माणूस स्वतःच्या प्रतिकाराने मरेल. कोरोनाच्या काळात अतिदक्षता विभागात असे मृत्यू आपण पाहिले. बिहारमधल्या मुझफ्फरपूरच्या रुग्णांच्या प्लीहेतील पेशींवर बनारस हिंदू विद्यापीठातील डॉक्टर आणि अमेरिकी संशोधकांनी मिळून केलेले काम 2007 मध्ये प्रसिद्ध झाले. त्या प्लीहेत इंटरल्युकिन-10 साठलेले होते, आणि ते टी पेशींमधून येत होते. इतर अभ्यासांत दिसले की काळ्या आजाराच्या रुग्णात इंटरफेरॉन गॅमाचीही कमतरता नसते. मारण्याचा आदेश निघतो आहे, आवरण्याचाही निघतो आहे, आणि महाभक्षक दुसरा ऐकते. म्हणजे परजीवीने प्रतिकारशक्ती कमी केलेली नाही. तिच्यातला संयम त्याने आपल्या कामी लावला.

पुण्यात, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या आवारात, राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र आहे. तिथे भास्कर साहा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेले काम या वादात मला निर्णायक वाटते. महाभक्षकाच्या पृष्ठभागावर सीडी-40 नावाचा ग्राहक असतो; टी पेशी त्याला स्पर्श करून हुकूम देते. 2004 मध्ये या गटाने दाखवले की या एकाच ग्राहकातून आत दोन वाटा फुटतात. एका वाटेने संदेश गेला तर इंटरल्युकिन-12 तयार होते आणि परजीवी मरतो. दुसऱ्या वाटेने गेला तर इंटरल्युकिन-10 तयार होते आणि परजीवी तगतो. या दोन वाटा एकमेकींना दाबतात, आणि लीशमेनियाचा संसर्ग झालेल्या पेशीत पारडे दुसऱ्या वाटेकडे झुकते. पुढे 2009 मध्ये याच केंद्रातून त्यामागची एक युक्तीही पुढे आली: परजीवी पेशीच्या आवरणातले कोलेस्टेरॉल कमी करतो, त्यामुळे सीडी-40 भोवती जमणाऱ्या प्रथिनांचा संच बदलतो आणि वाट बदलते.

आता वेष्टनावरच्या त्या आश्वासनाकडे परत पाहावे. सीडी-40 चा संदेश वाढवला तर काय वाढेल? रोगमुक्ती की रोग? ते आत कोणती वाट खुली आहे यावर ठरेल. न्यूट्रोफिल वाढवले तर? प्रयोगातल्या उंदरांना ते नसतानाच बरे होते. अँटिबॉडी वाढवल्या तर? त्या आधीच उतू चालल्या आहेत. प्रतिकाराचे यश प्रमाणावर मोजण्याची आपली सवय इथे पूर्णपणे निरुपयोगी ठरते. कोणत्या क्षणी, कोणत्या पेशीने, कोणाचे ऐकून काय केले, याला महत्त्व आहे. बाजारातल्या कोणत्याही पावडरीला हे ठरवता येत नाही. एक अपवाद मी मान्य करतो, आणि तो पोटभर जेवणाचा आहे. कुपोषित शरीरात हा संसर्ग रोगापर्यंत जाण्याची शक्यता बरीच वाढते, हे वारंवार दिसले आहे. संसर्ग झालेल्यांपैकी बहुतेकांना काळा आजार कधी होतच नाही. ज्यांना होतो ते बहुतांशी मातीच्या घरात राहणारे, अर्धपोटी, भूमिहीन मजूर असतात. प्रतिकारशक्तीची जाहिरात त्यांच्यासाठी केलेली नसते.

परजीवीबद्दल लिहिताना फसवतो, निवडतो, वळवतो अशी क्रियापदे वापरावी लागतात. त्यात एक धोका आहे. लीशमेनियाला मेंदू नाही, हेतू नाही. कोट्यवधी पिढ्यांत जे परजीवी भक्षकाच्या पोटात टिकले त्यांचेच वंशज आज आहेत, एवढाच याचा अर्थ. पण मला युद्धाच्या भाषेचा धोका याहून मोठा वाटतो. मीही वर मनुष्यबळ आणि दारूगोळा म्हटलेच आहे. ती भाषा सहज येते. तिच्यामुळे आपण असे धरून चालतो की शत्रू समूळ मारला तरच जिंकलो. या रोगात तसे होत नाही. बऱ्या झालेल्या माणसाच्या अंगात थोडे परजीवी पुष्कळदा आयुष्यभर राहतात. दक्षिण युरोपात एड्स पसरल्यावर हे उघड झाले: कधीकाळी नकळत संसर्ग होऊन गेलेल्या माणसांची टी पेशींची फळी एचआयव्हीने पाडली आणि झोपलेला लीशमेनिया उठला.

आणि हे उरलेले परजीवी निव्वळ ओझे असतात असेही नाही. कातडीवर व्रण करणाऱ्या लीशमेनियाच्या जातीवर 2002 मध्ये उंदरांत झालेला एक प्रयोग याबाबतीत फार बोलका आहे. बऱ्या झालेल्या उंदरांच्या कातडीत थोडे परजीवी शिल्लक राहतात, कारण नियामक टी पेशी आणि इंटरल्युकिन-10 प्रतिकाराला शेवटच्या टोकापर्यंत जाऊ देत नाहीत. इंटरल्युकिन-10 चा प्रभाव काढून घेतला की परजीवी पूर्ण नष्ट झाले. पण अशा पूर्ण स्वच्छ झालेल्या उंदरांना पुन्हा संसर्ग दिला तेव्हा त्यांचे संरक्षण गेलेले होते. थोडा शत्रू घरात ठेवणाऱ्यांचे टिकले. पश्चिम आणि मध्य आशियात पूर्वापार लहान मुलांना कपड्याखाली झाकल्या जाणाऱ्या जागी मुद्दाम हा व्रण टोचत, म्हणजे पुढे चेहऱ्यावर येणार नाही. त्या लोकांच्या अनुभवात हे शहाणपण आधीच होते. माणसासाठी लीशमेनियाची मान्यताप्राप्त लस अजूनही नाही, आणि अशा तहाची नक्कल सुरक्षितपणे कशी करायची हे न सुटणे हे त्यामागचे एक मोठे कारण आहे.

औषधांच्या इतिहासातही हेच सूत्र दिसते. कलकत्त्यात उपेंद्रनाथ ब्रह्मचारी यांनी 1920 च्या सुमारास अपुऱ्या साधनांच्या छोट्या खोलीत यूरिया स्टिबामाइन तयार केले आणि असंख्य प्राण वाचवले. अँटिमनीची ही औषधे परजीवीला एकट्याने मारत नाहीत; टी पेशींची साथ नसेल तर ती लंगडी पडतात, हे पुढे उंदरांवरच्या प्रयोगांत दिसले. बिहारमध्ये विसाव्या शतकाच्या अखेरीस ती निकामी होत गेली. आज भारतात वापरले जाते ते मुख्यतः लायपोसोमल अँफोटेरिसिन बी. त्याची करामत पाहण्यासारखी आहे. औषध मेदाच्या अतिसूक्ष्म गोळ्यांत बंद केलेले असते. शिरेतून दिले की महाभक्षक पेशी त्या गोळ्यांना परके कण समजून गिळतात आणि औषध थेट परजीवी बसला आहे तिथे पोचते. ज्या भुकेचा फायदा घेऊन परजीवी आत गेला तिनेच त्याच्यामागून औषध आत नेले. एका मात्रेत शंभरातले नव्वदहून अधिक रुग्ण बरे होतात, हे 2010 मध्ये बिहारमधल्या चाचणीने दाखवले. ज्याला महिनाभर सुया टोचून घ्यायला मजुरी सोडून रुग्णालयात राहावे लागे, तो आता दुसऱ्या दिवशी घरी जाऊ शकतो.

म्हणूनच आकडे खाली आले आहेत. 2007 मध्ये देशात 40 हजारांवर रुग्ण नोंदले गेले होते. अलीकडे वर्षाला हजाराच्याही आत आले आहेत. प्रत्येक तालुक्यात (ब्लॉकमध्ये) दर दहा हजार वस्तीमागे वर्षाला एकापेक्षा कमी रुग्ण, ही निर्मूलनाची व्याख्या. भारताने 2010 चे उद्दिष्ट ठेवले होते, ते हुकले, नंतरचीही हुकली. बांगलादेशाने मात्र ते गाठले आणि 2023 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेचे प्रमाणपत्र मिळवणारा तो पहिला देश ठरला. भारतही आता त्या उंबरठ्यावर आहे. मला काळजी वाटते ती नेमकी यानंतरच्या काळाची.

काळ्या आजारातून बऱ्या झालेल्या काही रुग्णांना सहा महिन्यांनी, वर्षाने, कधी त्याहून उशिरा चेहऱ्यावर, हातांवर, छातीवर फिकट डाग येतात. काहींना गाठी येतात. भारतात अशांचे प्रमाण शंभरात पाच ते दहा धरले जाते. ब्रह्मचारी यांनी 1922 मध्येच याचे वर्णन केले होते. महाराष्ट्रात असा डाग पाहिला तर कोणालाही आधी कुष्ठरोग आठवेल, आणि बिहारमध्येही कित्येकांवर तेच निदान लादले गेले. फरक ओळखायला कापसाचा बोळा मदत करतो: कुष्ठाच्या डागाला बहुधा स्पर्श कळत नाही, या डागाला कळतो. डागाच्या कातडीतल्या महाभक्षकांत लीशमेनिया असतो. माणूस मात्र ठणठणीत असतो. ताप नाही, भूक चांगली, काम चालू. हातावरच्या टोचणीच्या परीक्षेतही पुष्कळदा गाठ येते, म्हणजे टी पेशी जाग्या आहेत. प्रतिकारशक्तीच्या रूढ कल्पनेने याला पूर्ण गुण मिळतील. आणि वाळूमाशी याच माणसाला चावून परजीवी दुसरीकडे नेऊ शकते. बांगलादेशात रुग्णांवर माश्या बसवून केलेल्या चाचणीत हे थेट सिद्ध झाले आहे.

भारतात या परजीवीचा माणसाखेरीज दुसरा कोणी महत्त्वाचा आश्रयदाता ज्ञात नाही. 1950 च्या दशकात मलेरियासाठी झालेल्या डीडीटी फवारणीने वाळूमाश्याही मेल्या आणि काळा आजार जवळपास दिसेनासा झाला. सगळे त्याला विसरून गेले. फवारणी थांबली, माश्या परतल्या, आणि 1977 पर्यंत बिहारमध्ये लाखाच्या घरात रुग्ण झाले. मधली वर्षे परजीवी कुठे होता, याचे सर्वांत संभवनीय उत्तर हेच आहे: डाग असलेल्या, कामाला जाणाऱ्या, कोणत्याच दवाखान्याच्या नोंदीत नसलेल्या माणसांच्या कातडीत.

या डागांवर उपचार आहे, पण तो तापाच्या उपचाराइतका सोपा नाही. मिल्टेफोसिनच्या गोळ्या बारा आठवडे घ्याव्या लागतात. त्याने मळमळते, डोळ्यांना त्रास होऊ शकतो, आणि स्त्रियांना त्या काळात आणि नंतरही काही महिने गर्भधारणा टाळावी लागते. ज्याला काहीच दुखत नाही अशा मजुराने हे सगळे गावच्या भल्यासाठी करायचे आहे. त्याच्याकडून ही अपेक्षा ठेवायची तर राज्यानेही आपले काम केले पाहिजे. रुग्णसंख्या घटली म्हणून काळ्या आजाराची पथके इतरत्र हलवू नयेत. उपचार झालेल्या प्रत्येक माणसाच्या घरी आशा कार्यकर्तीने पुढची काही वर्षे जात राहावे, कातडी पाहावी. डाग आढळला तर त्याची मोफत तपासणी आणि बारा आठवड्यांच्या बुडालेल्या रोजीची भरपाई वेळेवर मिळावी. निर्मूलनाचे प्रमाणपत्र हातात पडेल त्या वर्षी हा खर्च कापला जाण्याची शक्यता सर्वांत जास्त असेल, आणि त्याच वर्षी तो सर्वांत जास्त लागेल.